जोतिबानानाची चौथी भरती

खोडवेवाडीत कुणाच्याही घरी जा, हातात पाण्याचा तांब्या येण्याआधी तुमची नजर समोरच्या भिंतीवर जाते आणि भिंतीवर एक फौजी असतो. कुणाचा नाईक, कुणाचा हवालदार, कुणाचा साधा शिपाई. टोपी तिरकी, मिशी वर, पाठीमागे फोटोवाल्याने रंगवलेला डोंगर. गाव सातशे उंबऱ्यांचं, त्यात चारशे फौजी. बाकीचे तीनशे भरतीची तयारी करतात किंवा भरतीत कसा अन्याय झाला ते सांगतात.

जोतिबानानाच्या भिंतीवर मात्र स्वतः जोतिबानाना आहे आणि एक बैल आहे. बैलाचा शर्यतीत पहिला नंबर आला होता. फोटोत दोघांनीही छाती फुगवली आहे. बैलाची जास्त फुगली आहे.

नानाचं सगळं गाडं या छातीपाशीच अडलं. पन्नास वर्षांमागे तो कोल्हापूरला भरतीला उभा राहिला. उंचीत पास, वजनात पास, पळण्यात तर पहिल्या दहात. मग छातीला टेप लागली. श्वास भरल्यावर छाती दोन इंच फुगायला हवी होती. नानाची दीड इंचावर येऊन थांबली आणि पुढे हलेना. दुसऱ्या वर्षी डझनभर केळी खाऊन गेला. छाती तेवढीच राहिली, पोट फुगलं. तिसऱ्या वर्षी त्याने श्वास इतका भरला की टेप सोडायच्या आत चक्कर येऊन मोजणाऱ्या हवालदाराच्या अंगावर कोसळला. हवालदाराने त्याला उभा केला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घर जाओ, पहलवान." नाना घरी आला. तेव्हापासून घरीच आहे.

जखमेवर मीठ असं, की त्याचा थोरला भाऊ त्याच रांगेत पुढे उभा होता आणि पहिल्या झटक्यात पास झाला. तो सुभेदार होऊन परतला. आज पंच्याहत्तरीला आला तरी गळ्यात शिट्टी अडकवून गावातल्या पोरांना रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळवतो. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे 'सुभेदार' म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

नानाने ऊस केला, बैल पाळले, बनुबाईशी लग्न केलं आणि गावाची एक वेगळीच नोकरी पत्करली. तो गावाची वही झाला. कुणाचा बांध कुठून कुठे जातो, कुणाच्या म्हशीची आई कुठल्या बाजारातून आली, कुणाच्या लग्नात जेवणावरून कोण रुसलं होतं, सगळं नानाला पाठ. तलाठ्याला शंका आली की तो सातबारा मिटायचा आणि नानाला बोलवायचा.

तर ही वही गेल्या दोन वर्षांत पानं गाळायला लागली.

सुरुवात गमतीची होती. नदीवरची मोटर चालू करून नाना घरी आला आणि आपण ती चालू केली हेच विसरला. शेजारच्याच्या उसात दोन दिवस बदकं पोहली. मग शालूबाईचं प्रकरण झालं. शालूबाईचा चुलत दीर वारला होता. नाना भेटायला म्हणून थेट शालूबाईच्या घरी गेला, ओट्यावर बसला, डोक्याची टोपी काढली आणि म्हणाला, "वाईट झालं, वैनी. माणूस सोन्यासारखा हुता. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

तेवढ्यात आतून तिचा नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि नानासमोर बसला.

"बोल की नाना," तो म्हणाला, "थांबलास का? आजून काय काय चांगलं हुतं माज्यात?"

गाव आठवडाभर हसलं. नानाही हसला. पण एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीच्या आधी तो कराडहून येताना मलकापूर फाट्यावर एस्टीतून उतरला. हातात कांद्याच्या बियाण्याची पिशवी होती. उतरला, आणि आपलं गाव कुठल्या अंगाला आहे तेच त्याला सुचेना. ज्या फाट्यावर आयुष्यात दहा हजार वेळा उतरला असेल, तिथे. चारी रस्ते अनोळखी. कुणाला विचारावं तर काय विचारावं? खोडवेवाडीच्या जोतिबानानाला खोडवेवाडीचा रस्ता सांगा? अर्धा तास तो पिशवी धरून एस्टीची वाट बघणाऱ्या माणसासारखा उभा राहिला. शेवटी गावातली, माणसं भरून नेणारी वडाप जीप थांबली, ड्रायव्हर म्हणाला, "चला नाना," आणि नाना पिशवी मांडीवर घेऊन बसला.

नानाची आई हरणाबाई शेवटची दोन वर्षं अशीच होती. नाना तिला घास भरवायला बसला की ती विचारायची, "कुणाचा रं तू?"

"हरणाबाईचा," नाना सांगायचा.

"बरी हाय का ती?" म्हातारी आस्थेने चौकशी करायची.

हे आठवलं की नाना हातातलं काम सोडून स्वतःचं नाव पुटपुटून बघायचा. बनुबाईला फाट्याचं माहीत नव्हतं, पण चाळीस वर्षं एका चुलीवर काढलेल्या बाईला नवऱ्याच्या डोक्यात काय उतू जातंय त्याचा वास येतोच. दवाखान्यात चला म्हणून ती मागे लागली. "मला काय झालंय?" म्हणून नाना हात झटकायचा.

आणि मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून पुकारा झाला. कराडच्या एका मोठ्या दवाखान्यात साठ वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास होणार होता. ज्यांना हल्ली विसरायला होतं, त्यांनी नियमाने व्यायाम केला तर डोक्याला काही फायदा होतो का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. पुकाऱ्याचं शेवटचं वाक्य होतं, "तपासणी करून योग्य व्यक्तींची निवड करण्यात येईल."

आता खोडवेवाडीत 'निवड' म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: मैदान, रांग, टेप आणि शिट्टी. गावातल्या म्हाताऱ्यांनी लगेच धोतर सावरलं. सुभेदाराने विचारलं, "हाईट किती लागतिया?" कागदावर अटी स्पष्ट छापल्या होत्या. पण भरतीच्या अटी वाचायला कोण बसतं? त्या जन्मतःच पाठ असतात. फिट पाहिजे, तगडा पाहिजे, तक्रार नको.

पहिल्या शुक्रवारी नानाचा दोस्त इलाही तांबोळी जाऊन आला. इलाही गावचा शिंपी. आता मशीन बंद आहे, कारण गेल्या वर्षी त्याने सरपंचाला दोन्ही डाव्या बाह्यांचा शर्ट शिवून दिला. सरपंचाने तो निवडणूक होईपर्यंत मुकाट्याने घातला. इलाही कुठलीच तयारी न करता, बायको दिलशादचं बोट धरून गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चाचा, विसरायला होतं का?" इलाही म्हणाला, "व्हय. तुमी कोण, ते मघाशी सांगितलंत, पर ऱ्हायलं न्हाई." पंधरा दिवसांत तो पायात पांढरे बूट आणि अंगात निळा टी-शर्ट घालून चावडीवर हजर.

नानाला हे झोंबलं. इलाही! ज्याने आयुष्यात एक सूर्यनमस्कार घातला नाही, ज्याला दोऱ्याचं रीळ उचलताना धाप लागते, त्याचं सिलेक्शन?

"काय काय घेत्यात रं?" नानाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लय सोपं हाय गड्या. बीपी बगत्यात, चालायला लावत्यात. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगत्यात. आन पाच शब्द सांगत्यात. मदी दुसरंच कायतर बोलत बसत्यात, आन मग इचारत्यात, सांगा ते शब्द."

नानाचे डोळे चमकले. पेपर फुटला होता. "कुठलं शब्द?"

"नारळ," इलाही म्हणाला. "खुर्ची. आन... नदी." मग बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला.

"पाच म्हनलास की!"

"पाचच हुतं. दोन येतील मागनं."

ते खरोखरच मागून आले. चौथा शब्द 'घंटा' तीन दिवसांनी आला. इलाही तो सांगायला दुपारच्या उन्हात नानाच्या उसात येऊन उभा राहिला. पाचवा 'पिवळा' आणखी चार दिवसांनी, दिलशादने हळदीचा डबा उघडल्यावर. विसरण्याबद्दल निवड झालेल्या माणसाकडून फुटलेला पेपर असाच हप्त्याहप्त्याने मिळायचा.

नानाची तयारी सुरू झाली. रोज सकाळी सुभेदाराच्या शिट्टीवर तो पळायला लागला. विशी-बाविशीची पोरं पुढे, मागे लेंगा खोचलेला एकोणसत्तर वर्षांचा नाना. पळताना तोंडाने चालू, "नारळ, खुर्ची, नदी, घंटा, पिवळा." गोठ्यात धार काढताना तेच, आंघोळीला तेच. बनुबाईला वाटलं नवरा कामातून गेला. म्हैससुद्धा त्याच्याकडे बघेना.

"आवं, त्यांनी इसरणारी माणसं बोलवल्यात," ती म्हणाली. "तुमी पाठांतर कशापायी करताय?"

"तुला भरतीतलं काय कळतंय?" नाना म्हणाला. "मैदानात उभं ऱ्हाऊन मी लंगडतो म्हणून कुणी सांगतं व्हय? आन ऐक. घरातलं माणूस संगं आणा म्हनलंय. तुला इचारतील. म्हणायचं, कायबी इसरत न्हाई."

"आन शालूबाईचा नवरा?"

"त्यो इषय काढायचा न्हाई."

जायच्या आदल्या दिवशी इलाहीने जुनी टेप काढून नानाची छाती मोजली. श्वास सोडून, मग भरून.

"किती?"

"दीड," इलाही म्हणाला. मग मित्राचं तोंड बघून पुढे म्हणाला, "पर ही टेप जुनी हाय. ताणली असंल."

शुक्रवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून, बनुबाईला घेऊन दवाखान्यात गेला. तपासणी डॉ. नौशीन म्हणून एक तिशीतली मुलगी करत होती. मिरजेची, आजोबा तंबोरे करायचे. त्यामुळे असेल, पण समोरच्या माणसाला नीट कान देऊन ऐकायची तिला सवय होती. नाना आत शिरला तो छाती फुगवूनच. खुर्चीवर बसला तरी सोडेना. नर्सने बीपी घेतलं आणि मशीनकडे दोनदा पाहिलं.

"आजोबा," नौशीन म्हणाली, "श्वास सोडा."

"सोडू?"

"सोडा. इथे छाती मोजत नाहीत."

नानाने सोडला. थोडा हिरमुसला. बीपी खाली आलं.

"हल्ली विसरायला होतं का?"

"न्हाई! एकदम फिट."

"वस्तू कुठे ठेवली ते, माणसांची नावं, ठरलेली कामं?"

"सगळं पाठ. तलाठी मला इचारून लिवतो."

शेजारी बनुबाईने पदराचा पिळा केला.

"व्यायाम करता?"

"रोज पाच किलोमीटर! सकाळी साडेपाचला. पावसातबी."

नौशीनने कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "मी पाच शब्द सांगते. नीट ऐका. थोड्या वेळाने परत विचारीन. पेरू, कात्री, डोंगर, चप्पल, हिरवा."

पण नाना ऐकत कुठे होता? तो तोंडात आपले पाच शब्द धरून बसला होता, सांडतील या भीतीने. मग नौशीनने त्याच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आज वार कुठला ते विचारलं. नानाने पटापट उत्तरं दिली, कारण त्याला घाई होती. शेवटी ती म्हणाली, "आता मघाचे शब्द सांगा."

नाना ताडकन उठून सावधान उभा राहिला. "नारळ! खुर्ची! नदी! घंटा! पिवळा!"

बाहेर बसलेल्या दोन म्हाताऱ्या दचकून उठल्या.

"बसा," नौशीन म्हणाली.

"पास?"

"पाचपैकी शून्य."

नाना खाली बसला. नौशीन हसू दाबत होती. "हे शब्द आधीच्या कागदावरचे आहेत. आज दुसरा कागद आहे. तुम्हाला कुणी सांगितले?"

नानाच्या अंगात एकदम फौजी शिरला. "नाव सांगणार न्हाई."

"इलाहीचाचा?"

"व्हय."

"कुणाला सांगू नका म्हटलं होतं त्यांना. विसरले असतील," ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही यात बसत नाही."

नानाचे खांदे पन्नास वर्षांमागे जसे पडले होते तसेच पडले.

"कितीनं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"कितीनं ऱ्हायलो? अर्धा इंच?"

नौशीनला हे कळलं नाही, पण तिने समजावून सांगितलं. ज्यांना स्वतःला वाटतं की आपण विसरतो, तेच लोक त्यांना हवे होते. आणि जे व्यायाम करत नाहीत ते. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम देऊन काय कळणार? तुमची तक्रार नाही, व्यायाम तर पोरांपेक्षा जास्त. मग कसं घेणार?

बनुबाईचा धीर सुटला. "मी सांगते डॉक्टरीणबाई! मोटर इसरत्यात, गॅस इसरत्यात. जित्या माणसाच्या घरी मयताला गेलं हुतं हे!"

"बनू!"

"गप बसा. सोन्यासारखा माणूस म्हणून सांगून आलं त्याच्याच तोंडावर!"

"तुमचं म्हणणं लिहून घेते, आजी," नौशीन म्हणाली. "पण तक्रार त्यांच्या तोंडून यायला हवी. मी त्यांच्या वतीने लिहू शकत नाही."

नाना उठला, टोपी घातली. भरतीतून परत यायची एक रीत असते, मान खाली घालून पण पाय घट्ट टाकत, ती त्याला चांगली येत होती. दारापर्यंत गेला तेव्हा नौशीनने केवळ शिष्टाचार म्हणून विचारलं, "नीट जाल ना? कसं जाणार?"

"हे काय, हितनं स्टँडवर," नाना म्हणाला. "एस्टी. मग मलकापूर फाट्याला उतरायचं. आन फाट्यावरनं..."

तो थांबला. बनुबाईला वाटलं, खोकला आला.

"फाट्यावरनं कुठे?" नौशीन म्हणाली.

नाना परत आला आणि खुर्चीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "फाट्यावर मी अर्धा तास उभा हुतो. गाव कुटं हाय ते सापडंना."

"कवा?" बनुबाई म्हणाली.

"दिवाळीच्या आदी. कांद्याचं बी आणलं तवा."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"इसरलो."

"खोटं हाय ह्ये."

"व्हय," नाना म्हणाला. "खोटं हाय." मग नौशीनकडे बघून म्हणाला, "आमची आई शेवटाला मलाच इचारायची, कुणाचा रं तू. मला तसं व्हायचं न्हाई. ह्ये लिवता का?"

"लिहू?"

"लिवा. आन ती मोटरबी लिवा. शालूबाईचं ऱ्हाऊ द्या, गाव लय हसतंय."

नौशीनने लिहिलं. सगळं, शालूबाईसकट. मग तिने पळण्याची चौकशी केली. किती वर्षं पळता? नाना म्हणाला, बारा दिवस झाले. का पळता? निवड व्हावी म्हणून. नौशीनने कपाळाला हात लावला, आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना विचारून आली आणि निकाल सांगितला. तक्रार लिहिली गेली आहे. शब्दांचं काही खरं धरता येत नाही. पळणं सुरू असताना घेता येणार नाही. महिनाभर पूर्वीसारखं राहा, पळू नका, मग परत या. तेव्हा तिसरा कागद असेल.

"म्हंजे व्यायामाच्या भरतीसाठी महिनाभर व्यायाम करायचा न्हाई?"

"बरोबर."

"आन मग केला तर डोकं ऱ्हातं ठिकाणावर?"

"ते माहीत नाही. तेच तर बघायचंय."

"तुमालाबी ठावं न्हाई?"

"नाही."

नानाला हे फार आवडलं. आजवर त्याला नापास करणाऱ्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं.

परतीच्या एस्टीत बनुबाई खिडकीकडे तोंड करून बसली. फाटा आल्यावर मात्र आधी उतरली आणि त्याचा दंड धरून उभी राहिली, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. नानाने आजूबाजूला पाहिलं आणि दंड सोडवून घेतला नाही.

पुढचा महिना खोडवेवाडीने असा माणूस पाहिला जो हुकमाने बसला होता. सकाळी शिट्टी वाजायची, पोरं पळायची आणि नाना कट्ट्यावर चहा पीत त्यांच्याकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी सुभेदार स्वतः आला.

"जोत्या, ऊठ. चार दिवसांत दमलास?"

"ऑर्डर न्हाई," नाना म्हणाला.

"कुणाची?"

"वरची. कराडची."

सुभेदार हबकला. ऑर्डरपुढे त्याचं आयुष्यभर काही चाललेलं नव्हतं. तो गेला. पण दहाएक दिवसांनी दुपारच्याला परत आला, शिट्टी न घालता. कट्ट्यावर बसला. इकडचं तिकडचं बोलला, उसाच्या तोडीचं, पाण्याच्या पाळीचं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "जोत्या, मलाबी हुतंय रं तसं. परवा माजा फौजेतला बिल्ला नंबर आठवंना. चाळीस वर्षं झोपंत इचारला तरी सांगायचो. मला घेतील का?"

नानाने भावाकडे पाहिलं. पन्नास वर्षं हा माणूस रांगेत त्याच्या पुढे उभा होता.

"न्हाई घ्यायचे, दादा."

"का?"

"तुमी रोज पळता. अटीत बसत न्हाई."

सुभेदाराची मान खाली गेली. "कितीनं ऱ्हायलो?"

"पाच किलोमीटरनं," नाना म्हणाला. पण लगेच त्याला वाईट वाटलं. त्याने आत हाक मारून दोन चहा सांगितले आणि भावाचा हात आपल्या हातात घेतला. "चला माज्यासंगं. अभ्यासात न्हाई घेतलं तरी ती पोरगी ऐकून घेती. तेवढं सांगून या. सांगितल्यावर जरा मोकळं वाटतं."

महिना संपला. नाना कुठलंही पाठांतर न करता गेला. इलाही नवे शब्द सांगायला आला होता, पण बनुबाईने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तिसऱ्या कागदावरचे पाचपैकी तीन शब्द नानाला आठवले. दोन नाही आठवले, आणि तो तसं म्हणाला. नौशीनने कागदावर सही घेतली. कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवत होता. इलाही आधीच जोरात चालायच्या गटात पडला होता. नाना पडला हातपाय ताणायच्या आणि लांब श्वास घ्यायच्या गटात. गावात त्याने सांगितलं, रेजिमेंट वेगळी मिळाली.

बनुबाईने त्याचा निळ्या टी-शर्टातला फोटो मोबाइलवर काढला, कराडला मोठा करून आणला आणि बैलाच्या शेजारी लावला. फोटोत नानाने छाती फुगवली आहे. तीन महिने श्वास घेतल्यावर इलाहीने ती पुन्हा मोजली आणि चावडीवर ओरडून जाहीर केलं, "दोन!" त्याने टेपखाली बोट घातलं होतं असं दिलशाद म्हणते. सुभेदारही तिथे होता. त्यालाही ते बोट दिसलं असणार, पण तो टाळ्या वाजवत होता.

डोक्याचं काय झालं ते नौशीनला अजून माहीत नाही, आणि आम्हालाही नाही. नाना अजून चष्मा शोधतो. मोटर मात्र आता बनुबाई बंद करते. आठवड्यातून तीनदा नाना आणि इलाही जोडीने कराडला जातात. घरच्यांनी असं ठरवलंय की एकाने दुसऱ्याला सांभाळायचं. ही व्यवस्था कुणाच्या डोक्यातून निघाली ते आता कुणालाच आठवत नाही.

परवा दोघं फाट्यावर उतरले आणि इलाही तरातरा उलट्या अंगाला चालायला लागला. जोरात चालायचा गट ना.

"गड्या, तिकडं कुटं?" नानाने हाक मारली. "गाव हिकडं हाय."

इलाही थांबला. "पक्कं ठावं हाय तुला?"

नाना उभा राहिला. दोन्ही रस्त्यांकडे त्याने एकेकदा पाहिलं. खिशात बनुबाईने गावाचं नाव आणि फोन नंबर लिहून दिलेली चिठ्ठी होती. त्याने ती वरूनच चाचपली, बाहेर काढली नाही. शिकवल्याप्रमाणे एक लांब श्वास घेतला, सोडला.

"पक्कं," तो म्हणाला. "चल."

रस्ता बरोबर होता. पिशव्या तेवढ्या दोघांच्याही एस्टीत राहिल्या.